उरलेले तुकडे

विधेयकाविरुद्ध बोलायला वेंडेल विधानभवनातल्या जनसुनावणीला आला तेव्हा कोटाच्या खिशात एका चिमुरडीसाठी थ्रीडी प्रिंटरवर घडवलेला कृत्रिम हात होता. "घरातल्या प्रिंटरला परवाना? उद्या चमच्यालाही मागतील!" शेजारी बसलेला मुलगा, क्लेटन, पुटपुटला. वेंडेल हसला. गॅरेजमध्ये बापलेक मिळून असे हात फुकट बनवत. तेवढ्यात विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्या शेरीफने, तिथल्या पोलीसप्रमुखाने, शाळेजवळ सापडलेलं पिस्तूल टेबलावर ठेवलं: घरीच छापलेलं, नंबर नसलेलं. मूठ अर्धी जांभळी, अर्धी केशरी. वेंडेलचं हसू मावळलं. प्रिंटरच्या प्लास्टिकच्या तारेचे उरलेले जांभळे, केशरी तुकडे त्यानेच एकाआड एक जोडले होते; टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं. त्याने क्लेटनकडे पाहिलं. "बाबा, चला घरी," क्लेटन बुटांकडे बघत म्हणाला. "वेंडेलसाहेब, तुमची तीन मिनिटं," अध्यक्षबाई म्हणाल्या. वेंडेल उठला. तो चिमुकला हात त्याने पिस्तुलाशेजारी ठेवला. मनगट जांभळं, बोटं केशरी.