वडिलांचा कोपरा

किटली टक्कन बंद झाली. घरात सकाळपासून तेवढाच आवाज झाला. मेइलिनने शाई घोटली आणि इंग्लंडमधल्या व्हिटबी गावाचा समुद्र रंगवायला घेतला. चीनमध्ये वडिलांनी शिकवलेले करकोचे या किनाऱ्यावर कुठून आणणार? त्यांच्या जागी ती सीगल काढायची. चित्र पोस्टाने वडिलांकडे जायचं; रिकाम्या ठेवलेल्या कोपऱ्यात दोन ओळींची कविता लिहून ते परत पाठवायचे. "या भांडखोरांना कवितेत कसं बसवू गं?" म्हणत फोनवर हसायचे. परवा ते गेले. भावाचा फोन ठेवून तिने भांडी घासली होती, मग धुतलेलीच पुन्हा घासली. आजही हात सवयीने चालला, पक्षी उतरले, आणि कोपरा कोराच राहिला. सहा वर्षांची यिंग शाळेतून आली. तिला अजून सांगितलेलं नव्हतं. तिने चित्र पाहिलं, कपाटातून पोस्टाची पुठ्ठ्याची नळी आणली. "आई, या वेळी आजोबा काय लिहितील?"