इत्ताच बस

निर्मलाबाईंनी पाना नटावर बसवला आणि डोळे मिटून घेतले.

मलकपेठच्या गल्लीत पौषातलं धुकं अजून रेंगाळत होतं. रेसकोर्सच्या बाजूने घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या, घोडे मात्र दिसत नव्हते. अशा वेळी गेलेली माणसं फार लांब गेलेली नसतात. त्यांना वाटलं, डोळे उघडले तर समोरच्या पाटावर यशवंतराव बसलेले असतील. चष्मा कपाळावर, मांडीवर तारेचा ब्रश, आणि गाडीचा एकेक नट बाळाचे कान पुसावेत तसा पुसत.

"आई, नक्को ना," मागून सौरभ म्हणाला. "बाबांनी आवळलेले नट आहेत ते. मलाच सुटायचे नाहीत."

रात्रीतून गाडीच्या एका चाकातली हवा गेली होती, आणि सकाळी चहाबरोबरच मायलेकाची जुंपली होती. सौरभ पुण्याहून आला होता तो आईला घेऊन जायच्या बेतानेच. गौलीगुड्याच्या गर्दीत पंक्चर झाली तर काय करशील, असं त्याने विचारलं. मीच बदलीन, असं त्या म्हणाल्या. मग त्याने पैजच लावली. चाक एकटीने काढलंस तर गाडी राहील आणि तूही राहशील. नाही तर गाडी बघायला दुपारी माणूस येतोय, आणि रविवारी तू माझ्याबरोबर पुण्याला. "काल तुला लोणच्याची बरणी उघडता येत नव्हती," तो वर म्हणाला होता. रागाच्या भरात त्या 'हौ' म्हणून बसल्या. आता शब्द गेला तो गेला.

पुणं वाईट नव्हतं. पण तिथे त्या कुणाची तरी आई असणार होत्या, फक्त तेवढ्याच. इथे त्या स्वतः गाडी काढत, आबिड्सला जात, वाटेत कुणालाही न विचारता चहा घेत.

यशवंतराव कोर्टातले अधिकारी, पण जीव सगळा या गाडीत. दसऱ्याला हळदकुंकू लावायच्या आधी चारही चाकं उतरायचीच. नट आधी बोटांनी फिरवायचा, बोटांनी जाईल तेवढा जाऊ द्यायचा, अडला तर काढून पुन्हा पुसायचा. पाना सगळ्यात शेवटी. "जबरदस्ती केली की आटे मरतात," ते म्हणत. "नटाचे काय, माणसाचे काय." टायरवाल्याच्या नट आवळायच्या हवेच्या गनला तर ते गाडीजवळ फिरकू देत नसत.

दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि एक नवीनच खूळ सुरू झालं. नट बसवून झाले की शेवटचा फेर आवळायला निर्मलाबाईंना हाक. कणकेच्या हातांनी त्या बाहेर यायच्या.

"टोकाला धर. अंगाचा भार टाक. हं. इत्ताच बस."

"एवढ्याने काय होतंय?"

"इत्ताच बस म्हटलं ना!"

नणंदेने एकदा टोमणाही मारला होता, दादाचा हात आता चालत नाही वाटतं. निर्मलाबाईंना वाईट वाटलं होतं. नवऱ्याने जोर लावायचा नाही, म्हणून आपण. आणि तेही नावापुरतं. आपण आत वळलो की हे गुपचूप पुन्हा आवळत असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पुरुष माणूस, गप्प थोडाच राहणार! गेल्या दसऱ्यालाही तसंच झालं. कार्तिकात ते गेले. त्यानंतर या चाकांना कुणाचा हात लागला नव्हता.

त्यांनी डोळे उघडले. पाट रिकामा होता.

पान्याचं टोक धरून त्यांनी अंगाचा भार टाकला. काहीच झालं नाही. सौरभने घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी श्वास घेतला, पाय रोवले आणि पुन्हा भार टाकला, दसऱ्याला टाकला होता तसाच, फक्त उलट्या बाजूने.

कुर्र करून नट सुटला.

मग दुसरा. मग तिसरा. चौथ्याला तर त्यांनी श्वासही रोखला नाही. गाडी जॅकवर चढवून त्यांनी नट बोटांनी काढले. आटे स्वच्छ होते, एकही दुखावलेला नव्हता. त्यांच्या शेवटच्या फेरानंतर कुणीच पुन्हा आवळलं नव्हतं. चाक बाजूला झालं तेव्हा धुकं विरायला लागलं होतं, आणि निर्मलाबाई पाटावर बसून लहान मुलीसारख्या रडत होत्या.

"जिंकलीस ना? मग रडतेस कशाला?" सौरभ गडबडला. मग शेजारी उकिडवा बसून हळूच म्हणाला, "बाबांच्या हातात शेवटी जोरच उरला नव्हता गं."

निर्मलाबाईंनी पदराने डोळे पुसले. उठून त्या आत गेल्या आणि आवकायाची, कैरीच्या लोणच्याची, दुसरी न उघडलेली बरणी घेऊन आल्या.

"उघड."

सौरभने झाकण पिळलं. फडकं घेतलं, बरणी गुडघ्यांत धरली, दात-ओठ खाल्ले. तोंड लालबुंद झालं, पण झाकण तसूभर हललं नाही.

"कुणी लावलंय गं हे?"

"तुझ्या बाबांनी," स्टेपनी चाकाच्या जागी सरकवत निर्मलाबाई म्हणाल्या. "गेल्याच उन्हाळ्यात."