भावकीची क्रमवारी

शार्दूलचं नेहमीचं पालुपद ठरलेलं असायचं. "अण्णा, कॉम्प्युटरची भाषा फार कडक. एक स्वल्पविराम चुकला की सगळं ठप्प, आणि कुठल्या ओळीत चुकलं तेही लाल अक्षरांत दाखवतो. आपली मराठी बरी. कसंही लिहा, माणसं सांभाळून घेतात."

सोपानराव मिशीतल्या मिशीत हसायचे. शार्दूलच्या बहिणीचं, अपेक्षाचं, लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी पत्रिकेत छापायची भावकीतली दीडशे नावं लेकाच्या हाती दिली. "नीट लाव रं बाबा," एवढंच म्हणाले. शार्दूलने दोन ओळींचा कोड लिहिला, चुटकीसरशी नावं अ ते ज्ञ अशी लावली आणि पत्रिका छापून अख्ख्या चऱ्होलीत वाटूनही टाकल्या.

लाल अक्षर कुठेच उमटलं नाही. घराण्यात ज्यांचं नाव कायम पहिलं, त्या थोरल्या चुलत्यांनी, हणमंतरावांनी, आपलं नाव शेवटच्या ओळीत शोधून काढलं आणि शार्दूलची पाठ थोपटली. "झकास झालीय पत्रिका!"

हळदीच्या दिवशी दुपारचा एक वाजला तरी मांडव रिकामा. पाचशे माणसांचं जेवण झाकून ठेवलेलं. शार्दूलचा चेहरा पडला.

"आपल्यात चूक सांगत न्हाईत रं," सोपानराव म्हणाले, "नुस्तं येत न्हाईत."



पहिल्या खुर्चीत मात्र, चाळीस वर्षं प्रत्येक पत्रिकेत सगळ्यात शेवटी छापले गेलेले अमृतनाना, सकाळी सातपासून नवा कोरा फेटा बांधून बसले होते.