मधली चादर

पावसाळ्यात समुद्रकाठची छोटी गावं ओस पडलेली असतात, त्यामुळे खोल्या हव्या तशा मिळत होत्या. रोज नवं गाव, नवा लॉज आणि खिडकीत तोच करडा समुद्र. निघताना नवरा बॅगा घेऊन खाली जायचा आणि ती मागे रेंगाळायची.

"अगं, जन्मभर हॉटेलात लोकांचे पलंग आवरलेस, आता इथंही तेच?" तो जिन्यातून हसत ओरडला. "सुट्टीवर आलोय ना आपण!"

"आलेच. तुम्ही व्हा पुढे."

जन्मभर आवरले होते, म्हणूनच तर तिचा पाय निघत नव्हता. कामावर असताना ती आणि तिची मैत्रीण नुसती चादर बघून जोडप्याचं सगळं ओळखायच्या आणि तोंड दाबून खिदळायच्या. आता थोड्या वेळाने इथंही कुणीतरी बाई झाडू-बादली घेऊन येणार होती.

पलंगाच्या दोन कडांना दोन खळगे पडले होते. मधे चादर इस्त्री केल्यासारखी तशीच होती.

तिने दार लोटलं, रोजच्यासारख्या दोन्ही उशा जवळ सरकवल्या आणि मधली चादर नीट चुरगळली.