फीबल

पक्षाघातानं देवस्थळी सरांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, त्याला तेवीस दिवस झाले होते. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस आता भिंतीकडे बघत पडून राही. शेजारच्या खुर्चीवरून त्यांच्या पत्नी, कुमुदिनीबाई, एकट्याच बोलत राहत.

वॉर्डातली नर्स प्रमिला तोडसाम बढतीच्या परीक्षेची तयारी करत होती. सरांची बोटं एकेक करून हलवताना ती इंग्रजी शब्दांची वाक्यं मोठ्यानं बनवायची. त्या दुपारी शब्द होता ‘फीबल’, म्हणजे अशक्त.

“माझ्या मामांवरच करते वाक्य,” ती म्हणाली. “माय अंकल इज फीबल मॅन.”

“अ...” सरांच्या घशातून आवाज आला.

कुमुदिनीबाई ताडकन उठल्या. “काय होतंय? दुखतंय का हो?”

सरांनी वैतागून मान हलवली. ओठ वेडेवाकडे झाले, कपाळावरची शीर उठली.

“अ... अ फीबल मॅन!”

प्रमिलानं जीभ चावली. “हो सर, ‘फीबल’च्या आधी ‘अ’ पाहिजे. चुकलंच माझं.”

कुमुदिनीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण घरच्या शिकवणीत चुकणाऱ्या मुलांवर चढणारा तो सूर त्यांनी ओळखला. त्यांनी प्रमिलाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“तुझे उपकार कसे फेडू गं?” त्या म्हणाल्या. “उद्याही एखादी चूक कर.”