कमलाकांतचा पहिला नंबर

सातपाटीच्या मंजुळाबाई बाजारात आपली टोपली मांडण्याआधी शेजारणीच्या टोपलीत डोकावून भाव बघायच्या, ही चाळीस वर्षांची सवय. लेकीनं, पूर्वीनं, सुक्या मासळीची वेबसाइट काढून दिली तरी ती सुटली नाही. दातिवऱ्याच्या कमलाकांतची वेबसाइट मंजुळाबाई दिवसातून पन्नासदा उघडायच्या आणि त्याच्या बोंबलाचा भाव बघायच्या.

महिनाअखेर, किती लोक बघतात त्यावरून, जिल्ह्यातल्या मासळीच्या वेबसाइटचे नंबर लागले. कमलाकांत पहिला, मंजुळाबाई शेवटच्या. मुंबईच्या हॉटेलवाल्यानं नंबर बघून वर्षभराची ऑर्डर कमलाकांतला दिली.

“त्याचे बोंबील बगाया येवढी मान्सं जातात तरी कुठली?” मंजुळाबाई कडाडल्या.

“नंबर लावनारी कंपनी समद्यांचे फोन नाय बगत, आई. फुकट रिचार्ज देऊन थोड्यांच्या फोनात आपलं ॲप टाकते, आन् त्यावरून अंदाज बांधते.” पूर्वीनं यादीखालची बारीक अक्षरं वाचली. “आपल्या किनाऱ्यावर असा येकच फोन हाय.”



मंजुळाबाईंनी हातातला, फुकट रिचार्जवर चालणारा फोन पदराआड घेतला. त्यावर कमलाकांतचे बोंबील उघडेच होते.