फणसाच्या डावीकडे

मुलुंडहून निघालेला ट्रेकचा ग्रुप घाट उतरून दरडीपाशी पोचला. गेल्या पावसाळ्यात डोंगर खाली आला तो अख्खी वाडी पोटात घेऊनच बसला. शोधकार्य अर्ध्यावर थांबलं. आता तिथे गुडघाभर गवत होतं आणि पुढची पायवाट त्यावरूनच जात होती.

सोसायटीचा जिना चढतानाही धापा टाकणारे सहदेवअण्णा या एवढ्या टप्प्यासाठीच पोरांबरोबर आले होते. वाचलेला एकुलता एक फणस त्यांनी दुरूनच हेरला. त्याच्या डावीकडे अंदाज घेत घेत ते गेले, थांबले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"पायांची वाट लागली ना अण्णा?" सौरभ हसला. "सांगत होतो, नवे बूट घालून येऊ नका."

"पाय बरे आहेत रे."

"मग घाला ना परत. गवतात काचा आहेत, पत्रे आहेत."

अण्णांनी बूट हातात घेतले आणि जपून एक पाऊल पुढे टाकलं.

"आई ओरडेल," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात पायताण घालून आलेलं तिला चालत नाही."